धान्यापासून बिअर : पहिल्या खेपेसाठी

घरी बिअर करायची असं मनात आलं की बहुतेकांची सुरुवात डब्यापासून होते. ब्रिटनमध्ये माल्टचा घट्ट, काळपट पाक डब्यात भरून सहज मिळतो. तो गरम पाण्यात ढवळायचा, साखर घालायची, सोबतची यीस्टची पुडी टाकायची आणि वाट बघायची. बिअर तयार होते, पिण्याजोगीही असते. पण तिचं निम्मं काम कारखान्यात आधीच उरकलेलं असतं. धान्यातला स्टार्च साखरेत बदलण्याची खरी गंमत आपल्या वाट्याला येत नाही.

धान्यापासून सगळं घरी करायचं तर त्यासाठी तीन भांडी, पंप, तांब्याच्या नळ्या आणि गॅरेजभर जागा लागते असा समज आहे. एकेकाळी तो खराही होता. या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी सगळं धान्य एका मोठ्या कापडी पिशवीत भरून एकाच पातेल्यात काम उरकायची पद्धत रूढ केली. आज पहिल्यांदा हात घालणाऱ्याने दुसऱ्या कुठल्या पद्धतीकडे बघूही नये. दहा लिटर बिअर, एक पातेलं, एक पिशवी, एक बादली, एवढ्यात हे जमतं.

पण आधी कायद्याचं बोलू. ब्रिटनमध्ये घरी बिअर करायला १८८० पासून परवाना लागत असे. १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली. आता स्वतःसाठी हवी तेवढी करा. विकता मात्र येत नाही. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने वाट मोकळी झाली. एका प्रौढ माणसाच्या घरात वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन, अशी तिथली मर्यादा आहे. राज्यांचे नियम त्याहून वेगळे असू शकतात. मिसिसिपी आणि अलाबामा यांनी तर २०१३ मध्ये परवानगी दिली. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, मग ते पिंपभर असो की बाटलीभर. पुण्यात २००९ साली ‘डुलाली’ने स्वतःची ताजी बिअर द्यायला सुरुवात केली तीही रीतसर परवाना काढूनच. तेव्हा पुढची कृती आहे ती जिथे परवानगी आहे तिथे राहणाऱ्यांसाठी. मी इंग्लंडमधलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. अमेरिकेतल्या एडिसनच्या किंवा मेलबर्नच्या वाचकांनी दुकानांची नावं बदलून घ्यावीत.

दुसरी शंका घरच्या मोठ्या माणसांची असते. घरची दारू म्हणजे विषारी तर नाही ना? ही भीती उगाच नाही. २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं दगावली. तिथे घात केला तो दारूत मिसळलेल्या मिथेनॉलने. सातूच्या पाण्यात यीस्ट घालून आंबवलेल्या बिअरमध्ये मिथेनॉल नगण्य असतं आणि आपण काहीही गाळून, वाफ धरून तीव्र करत नाही. उलट तो प्रयोग कोणाच्या डोक्यात आलाच तर ब्रिटनमध्येही तो विनापरवाना बेकायदाच आहे. बिघडलेली बिअर आंबट लागेल, घाण वास मारेल, ओतून द्यावी लागेल. तिच्यातून कोणी दगावत नाही. खरा धोका आहे तो उकळत्या पाण्याचा आणि फुटणाऱ्या बाटल्यांचा. त्यांच्याकडे ओघात येऊच.

काय आणायचं

वीस लिटरचं पातेलं हवं. मराठी घरात गणपतीच्या जेवणासाठी घेतलेलं एखादं मोठं पातेलं माळ्यावर असतंच, ते चालेल. स्टीलचं असेल तर उत्तम. अॅल्युमिनियमचंही चालतं, फक्त ते सोड्याच्या किंवा परकार्बोनेटच्या पावडरीने घासू नका, धातू काळा पडतो. पितळेचं कल्हईचं भांडं या कामाला नको. शेगडी इंडक्शनची असेल तर पातेल्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटतो का ते आधी बघा.

पिशवी पातेल्याच्या आतून अस्तरासारखी बसेल आणि तोंड काठावरून बाहेर दुमडता येईल एवढी मोठी असावी. तयार मिळते, नाहीतर पॉलिएस्टरच्या जाळीदार पडद्याच्या कापडाची शिवून घ्या. सुती पंचा वापरायचा मोह होतो, पण ओल्या पिठाने त्याची भोकं बुजतात आणि मग पाणी गळतच नाही.

आंबवण्यासाठी झाकणाची पंधरा लिटरची खाद्यपदार्थांसाठीची प्लास्टिकची बादली, झाकणाला वायू बाहेर सोडून हवा आत न येऊ देणारा एअरलॉक, शक्य तर तळाशी तोटी. तशीच आणखी एक बादली बाटल्या भरायच्या दिवशी लागते. सायफनची नळी, पाकाची घनता मोजणारा हायड्रोमीटर, बुचं बसवायचं हातयंत्र, बुचं, आणि धुवून न काढावं लागणारं निर्जंतुकीकरणाचं द्रव. स्वयंपाकघरातलं ब्लीच स्वस्त पडतं, पण ते नीट धुतलं गेलं नाही तर बिअरला दवाखान्याचा वास येतो. डेटॉलचा तर विचारही करू नका.

आणि थर्मामीटर. पैसे टाकायचे असतील तर इथे टाका. एक अंशापर्यंत विश्वास ठेवता येईल असा डिजिटल घ्या आणि वापरण्याआधी उकळत्या पाण्यात आणि बर्फाच्या पाण्यात बुडवून तो जवळपास १०० आणि ० दाखवतो का ते पाहा. सगळं काम एकाच भांड्यात करणारी विजेची चकचकीत यंत्रं हल्ली घरोघरी दिसू लागली आहेत. ती चांगली असतात, पण पहिल्या बिअरसाठी एवढा खर्च करून पुढे ती अडगळीत टाकलेली मी बरीच पाहिली आहेत.

सामग्री अशी : मॅरिस ऑटर जातीचं पेल माल्ट २.१ किलो, मध्यम रंगाचं क्रिस्टल माल्ट १०० ग्रॅम, कडूपणा आणि सुगंधासाठी ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स ४० ग्रॅम, आणि सेफेल एस-०४ किंवा नॉटिंगहॅम या सुक्या यीस्टची एक पुडी. यातून निघते साधी इंग्लिश बिटर, सुमारे साडेचार टक्के अल्कोहोलची. मॅरिस ऑटर ही सातूची जात केंब्रिजमध्ये १९६० च्या दशकात तयार झाली आणि उत्पन्न कमी असूनही चवीमुळे आजवर टिकून आहे. माल्ट मागवताना ‘भरडलेलं’ असं स्पष्ट सांगा. अख्खा दाणा आला तर घरच्या मिक्सरमध्ये त्याचं पीठ होतं, पिशवीत चिखल साचतो, आणि टरफलं फार बारीक झाली की चवही तुरट होते.

पहिल्याच खेपेला फळं, मध, वेलदोडे, केशर नको. आपल्याकडे कल्पकतेची कमतरता नाही, पण साधी बिअर कशी लागते हे कळल्याशिवाय केशराने ती सुधारली की बिघडली हे ठरवणार कसं?

पाणी आणि मॅश

लंडन आणि केंटकडचं पाणी चुनखडीचं आहे. किटलीच्या तळाचा पांढरा थर त्याची साक्ष देतो. मँचेस्टरचं मऊ आहे. फिक्या रंगाच्या माल्टला फार जड पाणी मानवत नाही. जड पाण्याच्या भागात असाल तर आदल्या रात्री सोळा-सतरा लिटर पाणी उकळून झाकून ठेवा आणि सकाळी तळचा पांढरा गाळ सोडून वरचं ओतून घ्या. मऊ पाण्याला याची गरज नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मात्र सगळीकडेच काढायला हवं. त्यासाठी कॅम्पडेन नावाची गोळी मिळते. सोळा लिटरला पाव गोळी चुरून ढवळली की काही मिनिटांत काम होतं. ही पाव गोळी टाळणाऱ्यांच्या बिअरला पुढे बँडेजपट्टीसारखा जो वास येतो तो कशानेही जात नाही, म्हणून एवढं लिहिलं. पाण्याच्या क्षारांचं बाकीचं शास्त्र पाचव्या-सहाव्या खेपेपर्यंत बाजूला ठेवलं तरी चालेल.

आता मुख्य भाग, मॅश, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवून ठेवणं. सातू भिजवून मोड आणतात आणि मोड वाढायच्या आत भट्टीत वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात. नाचणीला मोड आणून सत्त्व करतो तेव्हाही दाण्यात हेच घडतं : रोपाला लागणारी साखर तयार करण्यासाठी स्टार्च तोडणारी एन्झाइम्स जागी होतात. वाळवल्यावर ती झोपतात, मरत नाहीत. योग्य तापमानाचं पाणी मिळालं की पुन्हा कामाला लागतात.

यात दोन एन्झाइम्स महत्त्वाची. बीटा अमायलेजला साधारण ६० ते ६५ अंश सेल्सियस मानवतं आणि ते यीस्टला पूर्ण खाता येईल अशी साखर बनवतं. अल्फा अमायलेज ७० च्या आसपास जोरात असतं आणि त्याच्या साखरेतली काही यीस्टला पचत नाही, ती बिअरमध्ये राहते आणि तोंडात भरीवपणा आणते. ६४ वर ठेवलं तर बिअर कोरडी, हलकी होते. ६९ वर ठेवलं तर जड, गोडसर. आपण मध्ये, ६६ वर थांबायचं. पंचाहत्तरीच्या पुढे गेलात तर बीटा लगेच संपतं, अल्फाही फार काळ टिकत नाही, आणि तो पाक आंबण्याच्या लायकीचा राहत नाही. म्हणून थर्मामीटर.

सोळा लिटर पाणी ६९ अंशांपर्यंत तापवा. पातेल्याच्या बुडाशी एक उलटी ताटली ठेवली तर पिशवी करपत नाही. आंच बंद करा, पिशवी आत बसवा, तोंड काठावर चिमट्यांनी अडकवा आणि माल्ट थोडंथोडं सोडत ढवळत राहा. गुठळ्या फोडायला चार-पाच मिनिटं जातील. गुठळीच्या आतलं पीठ कोरडं राहतं आणि तेवढी साखर वाया जाते, त्यामुळे इथे आळस नको. थंड धान्यामुळे तापमान आपोआप ६६ च्या जवळ येईल. एखादा अंश इकडेतिकडे झाला तर चालेल. तीन-चार अंश जास्त दाखवत असेल तर थोडं गार पाणी घाला. कमी असेल तर मंद आंचेवर सतत ढवळत चढवा.

मग झाकण ठेवा आणि पातेलं जाड गोधडीत गुंडाळून तासभर सोडून द्या. पातेलं मावत असेल तर आधी तापवून बंद केलेला ओव्हन त्याहून बरा. अर्ध्या तासाने एकदा ढवळून तापमान बघा. ६३ च्या खाली गेलं असेल तर गोधडी काढून थोडी आंच द्या. सारखं झाकण उघडून बघितलं तर तेवढी उष्णताच जाते.

तासाभराने पाकाची चव घ्या. ज्या पाण्यात पीठ कालवलं होतं ते पाणी आता ठळक गोड लागतं. खात्री हवी असेल तर बशीत त्याचा थेंब घेऊन त्यावर आयोडीन टाका. निळा-काळा रंग आला तर स्टार्च शिल्लक आहे, आणखी पंधरा मिनिटं द्या. बशीतला थेंब अर्थातच फेकून द्यायचा.

पिशवी उचलणं हे दोन माणसांचं काम आहे. ओलं धान्य चार किलोच्या घरात जातं आणि त्यातून पासष्ट अंशांचं पाणी गळत असतं. मुलांना स्वयंपाकघराबाहेर काढा. पातेल्यावर मोठी चाळण आडवी ठेवून त्यात पिशवी टेकवा आणि निथळू द्या, मग रबरी हातमोजे घालून पिळा. पिळल्याने बिअर तुरट होते असं जुन्या पुस्तकांत सापडेल. तुरटपणा येतो तो फार गरम किंवा फार अल्कलीयुक्त पाण्याने धान्य धुतल्यावर. पिळण्याचा त्याच्याशी संबंध नाही. निवांत पिळा. पातेल्यात सव्वाचौदा लिटरच्या आसपास पाक उरला पाहिजे.

पिशवीतल्या चोथ्याला अजून हॉप्स लागलेले नाहीत, त्यामुळे तो खाता येतो. मूठभर चोथा थालीपिठाच्या भाजणीत मिसळला तर छान खमंग लागतो. टरफलं असल्याने त्याहून जास्त घालू नका. उरलेला बागेत खताला. हॉप्सचा गाळ मात्र कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका, त्यांच्यासाठी तो विषारी असतो.

उकळी

पाक उकळायला लागताना पहिल्या काही मिनिटांत मोठा फेस येतो आणि बघता बघता उतू जातो. साखरेचा तो चिकटा शेगडीवरून काढणं म्हणजे संध्याकाळचं काम. तेव्हा हातात डाव घेऊन जवळ उभे राहा, फेस चढला की आंच कमी करा. तो बसला की साठ मिनिटं मोजायला सुरुवात करायची. झाकण उघडंच ठेवा, कारण माल्टमधून निघणारं, उकडलेल्या मक्यासारखा वास देणारं एक गंधकयुक्त द्रव्य वाफेबरोबर जायला हवं असतं. स्वयंपाकघरात ओल धरेल. खिडकी उघडा, पंखा लावा.

उकळीच्या सुरुवातीला २० ग्रॅम हॉप्स घाला. कडूपणा त्यांचा. हॉप्समधली अल्फा आम्लं दीर्घकाळ उकळल्यावरच पाण्यात विरघळणाऱ्या कडू रूपात बदलतात. शेवटची दहा मिनिटं उरली की आणखी १० ग्रॅम, आंच बंद केल्यावर उरलेले १०. उशिरा घातलेले हॉप्स कडूपणा फार देत नाहीत, सुगंध देतात, कारण त्यांची तेलं उडून जायला वेळ मिळत नाही. पाकिटावर अल्फा आम्लाचं प्रमाण छापलेलं असतं. हे माप ५ टक्क्यांच्या हॉप्ससाठी आहे. तुमच्या पाकिटावर ७ असेल तर पहिला हप्ता १४ ग्रॅमवर आणा.

इथून पुढे हात धुवा

आतापर्यंत जे केलंत त्यातल्या बहुतेक चुका बिअर पोटात घालते. मॅश दोन अंश चुकला, पाणी अर्धा लिटर कमी झालं, हॉप्स पाच मिनिटं उशिरा पडले, तरी बिअर होतेच. पातेल्यावर घरातले शंभर जंतू पडले असतील तर तेही उकळीत संपले. आंच बंद झाली की हा आधार संपतो. गोड, कोमट, अन्नाने भरलेलं दहा लिटर पाणी तुमच्या स्वयंपाकघरात उघडं आहे आणि यीस्ट त्यात पडायच्या आधी दुसरं कोणीही त्यावर ताबा मिळवू शकतं. नवखे लोक मॅशच्या तापमानासाठी जीव टाकतात आणि मग बादली नुसती नळाखाली विसळतात. बिअर बहुतेकदा या दुसऱ्या टप्प्यातच बिघडते.

म्हणून यापुढे पाकाला लागणारी प्रत्येक वस्तू, बादली, झाकण, चाळणी, थर्मामीटर, यीस्टच्या पुडीची कात्री, सगळं आधी घासून स्वच्छ आणि मग निर्जंतुक द्रावणात बुडवलेलं हवं. या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. चिकटलेल्या घाणीवर निर्जंतुक द्रावण ओतून काही साधत नाही.

पातेलं झाकून सिंकमध्ये किंवा बाथटबमध्ये गार पाण्यात ठेवा. पाणी कोमट झालं की बदला, शेवटी बाहेरच्या पाण्यात बर्फ टाका. दहा लिटर पाक वीस अंशांवर यायला पाऊण तास लागू शकतो. मोठी खेप नको म्हणतो त्याचं हे आणखी एक कारण : पंचवीस लिटर पाक सिंकमध्ये गार होता होत नाही, आणि घरगुती शेगडीवर तो धड उकळतही नाही.

गार झालेला पाक चाळणीतून बादलीत उंचावरून धारेने ओता, फेस येऊ द्या. यीस्टला सुरुवातीला प्राणवायू लागतो, आणि बिअरच्या आयुष्यात हवा मिसळायची ही एकमेव वेळ आहे. तळाचा दाट गाळ पातेल्यातच राहू द्या. थोडा पाक नळकांड्यात घेऊन हायड्रोमीटर तरंगवा. १.०४२ ते १.०४६ च्या दरम्यान आकडा आला म्हणजे काम उत्तम झालं. १.०३८ आला तरी हिरमुसू नका; बिअर थोडी सौम्य होईल एवढंच. आकडा वहीत लिहून ठेवा, नमुना परत बादलीत ओतू नका, पिऊन टाका.

यीस्टची अर्धी पुडी पुरते, पूर्ण घातली तरी बिघडत नाही. वरून भुरभुरवा, झाकण लावा, एअरलॉकमध्ये पाणी भरा.

आता जागा. एस-०४ किंवा नॉटिंगहॅमला १८ ते २० अंश मानवतात. आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे बादलीच्या आतलं तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंश जास्त असतं. खोली २२ ची असेल तर आत २५ होईल आणि त्या बिअरला नेलपॉलिशसारखा वास आणि डोकं चढवणारा उग्रपणा येईल. रेडिएटरजवळची जागा सगळ्यात वाईट. जिन्याखालचं कपाट किंवा उत्तरेकडची खोली बरी. उन्हाळ्यात बादली टबभर पाण्यात ठेवून वर ओला टॉवेल गुंडाळला की बरीच गार राहते. मेलबर्नच्या जानेवारीत एवढ्याने भागणार नाही. तिथे नॉर्वेमधून आलेलं क्वाइक यीस्ट घ्या. ते ३० ते ४० अंशांतही नीट काम करतं.

बारा ते चोवीस तासांत एअरलॉक बुडबुडू लागतो, वर तपकिरी फेसाची साय येते, दोन-तीन दिवसांत जोर ओसरतो. काही वेळा बुडबुडेच येत नाहीत. बहुधा झाकणाच्या फटीतून वायू निसटत असतो. काम आत चालूच असतं. उघडून बघायचं नाही. दोन आठवडे तशीच ठेवा. पहिला जोर ओसरल्यावर यीस्ट आपणच सोडलेली लोण्यासारखी आणि कच्च्या सफरचंदासारखी चव परत शोषून घेतं. ही साफसफाई पुरी होऊ न देता घाईने बाटल्या भरणाऱ्यांना त्या चवी तशाच प्याव्या लागतात.

बाटल्या

दोन आठवड्यांनी हायड्रोमीटर लावा, तीन दिवसांनी पुन्हा लावा. दोन्ही वेळा तोच आकडा, १.०१० ते १.०१२ च्या आसपास, आला तरच पुढे जा. सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करून १३१ ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी मिळते. १.०४५ आणि १.०११ असतील तर ०.०३४ गुणिले १३१, म्हणजे जवळजवळ साडेचार.

आकडा अजून उतरत असताना बाटल्या भरल्या तर उरलेली साखर बाटलीत आंबते, दाब वाढतो आणि काच फुटते. यात अतिशयोक्ती नाही, काचेचे तुकडे भिंतीत रुतल्याची उदाहरणं आहेत. बाटल्या बिअरच्याच घ्या, वापरलेल्या चालतील. सॉसच्या, सरबताच्या किंवा वाइनच्या बाटल्या दाबासाठी बनवलेल्या नसतात. रंग तपकिरी हवा. पांढऱ्या आणि हिरव्या काचेतून उजेड आत गेला की हॉप्समधल्या कडू द्रव्यांपासून घाणेरड्या वासाचं गंधकयुक्त संयुग तयार होतं.

दहा लिटरला ५० ग्रॅम साधी साखर वजन करून घ्या, अंदाजाने नको. कपभर पाण्यात उकळून गार करा आणि दुसऱ्या निर्जंतुक बादलीच्या तळाशी ओता. आता सायफनने बिअर त्यावर सोडा. नळीचं टोक तळाशी बुडालेलं असू द्या, खळखळाट नको. या टप्प्यावर हवा मिसळली तर महिन्याभरात बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. सायफन तोंडाने ओढून सुरू करू नका. नळी पाण्याने भरून सुरू करा किंवा हातपंपाचा घ्या. बाटलीत वर दोन-तीन सेंटिमीटर जागा ठेवून बूच बसवा. अर्ध्या लिटरच्या एकोणीस-वीस बाटल्या होतील.

एक बाटली मुद्दाम शीतपेयाची, प्लास्टिकची घ्या. रोज दाबून बघता येते. दगडासारखी कडक झाली की वायू तयार झाला हे काच न फोडता कळतं, आणि भलतीच टम्म झाली तर बाकीच्या बाटल्या ताबडतोब फ्रिजमध्ये हलवता येतात.

बाटल्या दोन आठवडे घरातल्या साधारण तापमानाला, अंधारात, खोक्यात उभ्या ठेवा. मग एक दिवस फ्रिजमध्ये. तळाशी यीस्टचा पातळ थर बसलेला असेल. एका धारेत ओता आणि शेवटचा बोटभर भाग बाटलीतच सोडा. पोटात गेला तर अपाय नाही, पोट थोडं गुरगुरेल. फार गार करू नका. ही इंग्लिश बिटर आहे, १२ अंशांच्या आसपास तिची माल्टची चव उघडते. पाहुण्यांना देताना ती साडेचार टक्क्यांची आहे हे सांगा. गाडी चालवत आलेल्याला घरची म्हणून आग्रह करू नका.

पहिली बिअर दुकानातल्यापेक्षा चांगली असेल असं वचन मी देणार नाही. थोडी गढूळ असेल, वायू कमी-जास्त असेल. पण चव शुद्ध असली, म्हणजे आंबट, औषधी किंवा पुठ्ठ्याची नसली, तर तुम्हाला बिअर करता येते असं खुशाल समजा. दोन बाटल्या बाजूला ठेवून दीड महिन्याने उघडा आणि वहीत चवीची नोंद करा. दुसऱ्या खेपेला माल्ट, पाणी, तापमान, यीस्ट सगळं तेच ठेवा आणि फक्त हॉप्स बदला. गोल्डिंग्जऐवजी अमेरिकन कॅस्केड घ्या आणि अल्फा आम्लाचा आकडा बघून माप जुळवा. एका वेळी एकच गोष्ट बदललीत तर काय कशामुळे झालं ते तुम्हाला कळेल.